पाव, पान आणि पानो



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हाला बोलावले, तेव्हा कामगार चळवळीची वाटचाल किंवा कामगार कायदे असा काहीतरी विषय त्यांच्या मनात असावा. आम्ही 'स्पॅनिश आणि एस्पेरांतो या भाषांतील पावाचे शब्द' हा विषय कळवला, तेव्हा चिटणीसांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांचा दोष नाही. ज्याचे आयुष्य गेटसभांत आणि तडजोडीच्या बैठकांत गेले, त्याने परदेशी शब्दांच्या भानगडीत का पडावे, हा प्रश्न आपल्याही मनात असेल. त्याचे उत्तर तासाभरात मिळाले नाही, तर तो दोष मात्र आमचा समजावा.

आरंभीच एक कबुली देतो. आम्ही भाषापंडित नव्हे. दहावीच्या पुढे शाळेची पायरी आम्ही चढलो नाही. फोर्टातल्या पदपथावर जुनी पुस्तके विकणाऱ्याकडून एकदा दोन पुस्तके घेतली. एक स्पॅनिशचे व्याकरण, दुसरे एस्पेरांतोचे पहिले पुस्तक. दुसरे त्याने जवळजवळ फुकटच दिले, कारण ही भाषा कोणत्या देशाची हे त्याला सांगता येईना, आणि खरे म्हणजे ती कोणत्याच देशाची नाही. युनियनच्या कचेरीत रात्री दिवा असे आणि घरी जागा नसे. तेव्हा दोन्ही पुस्तके आम्ही कचेरीतच वाचली. त्या दिवसांत आम्ही बेकरी कामगारांची संघटना बांधीत होतो. त्यामुळे शब्दांची यादी समोर आली की नजर पहिल्यांदा पावाकडे जाई.

पावापासूनच आरंभ करू. या शब्दाविषयी आपल्याकडे दोन समजुती आहेत. कोणी म्हणतात, पीठ पायाने तुडवतात म्हणून पाव. कोणी म्हणतात, चौथा हिस्सा म्हणून पाव. दोन्ही खऱ्या नाहीत. चौथा हिस्सा तो पाव संस्कृत 'पाद' शब्दापासून आला. खाण्याचा पाव समुद्रावरून आला. लॅटिन भाषेत या पदार्थाला 'पानिस' म्हणत. पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचा नाकातून उच्चारला जाणारा 'पाँव' झाला. १५१० साली त्यांनी गोवा घेतला आणि त्यांच्याबरोबर हा शब्द आपल्या किनाऱ्याला लागला. त्यांच्या 'पादेइरो'चा, म्हणजे पाव भाजणाऱ्याचा, गोव्यात 'पोदेर' झाला. याच पोर्तुगीजांनी तो शब्द जपानलाही नेला आणि जपानी माणूस आजही पावाला 'पान' म्हणतो. पोर्तुगालच्या शेजारी स्पेन. तिथेही 'पान'च. मराठी माणसाने माद्रिदला जेवण आटोपून पान मागितले, तर त्याच्यापुढे पुन्हा पावच येईल. एस्पेरांतोत तो झाला 'पानो'. सारांश, पाव, पान आणि पानो ही एका आजीची नातवंडे आहेत.

आता या नातवंडांची घरे पाहू. स्पॅनिश घर जुने. दोन हजार वर्षे लोकांनी त्यातले शब्द वापरून वापरून गुळगुळीत केलेले. लॅटिनमध्ये पिठाला 'फारीना' म्हणत, भट्टीला 'फुर्नुस', भुकेला 'फामेस'. स्पॅनिश लोकांच्या तोंडून या तिन्ही शब्दांतला पहिला 'फ' गळून गेला. त्याच्या जागी 'ह' आला, आणि पुढे तोही मुका झाला. तो लिहितात, उच्चारीत नाहीत. आज पीठ म्हणजे 'आरीना', भट्टी म्हणजे 'ओर्नो' आणि भूक म्हणजे 'आंब्रे'. पीठ, भट्टी आणि भूक या तिघांचे नशीब असे एकच निघाले. शिवाय या घरात पाहुणेही राहून गेले. ७११ पासून १४९२ पर्यंत स्पेनच्या कमीअधिक भागावर मुसलमान राजवटी होत्या. अरबीत दळणाच्या गिरणीला जो शब्द आहे, त्याची स्पॅनिशमध्ये 'ताओना' झाली. तिचा अर्थ गिरणी असा होता, तो पाव भाजण्याच्या जागेपर्यंत सरकला. राज्ये गेली, लढाया झाल्या, पण दळणारा आपला शब्द मागे ठेवून गेला.

एस्पेरांतोचे घर याच्या उलट. ते एका माणसाने नकाशा काढून बांधले. लुडविक झामेनहॉफ हे त्याचे नाव. १८५९ साली बियालिस्टोक गावी जन्मला. आज ते गाव पोलंडात आहे, तेव्हा रशियन साम्राज्यात होते. गावात रशियन, पोलिश, जर्मन आणि यिडिश बोलणारे लोक, आणि त्यांचे आपसांत पटत नसे. मुलाला वाटले, सर्वांना सारखीच परकी आणि सारखीच सोपी अशी एक भाषा असावी. पुढे तो डोळ्यांचा डॉक्टर झाला आणि १८८७ साली वॉर्सात त्याने आपले पहिले पुस्तक छापले. मूळ शब्द सुमारे ९००, व्याकरणाचे नियम १६. पुस्तकावर नाव घातले 'डॉक्टर एस्पेरांतो', म्हणजे आशा बाळगणारा डॉक्टर. लोकांनी तेच नाव भाषेला दिले.

या भाषेत थोड्या मूळ शब्दांना प्रत्यय जोडून बाकीचे शब्द घडवायचे असतात. आपण 'वाला', 'खाना', 'दाणी' जोडून पाववाला, कारखाना, अत्तरदाणी करतो, तसेच हे. 'पानो' म्हणजे पाव. 'पानिस्तो' म्हणजे पावाचा धंदा करणारा. 'पानूयो' म्हणजे पाव ठेवण्याचा डबा. भाजणे या क्रियेपासून 'बाकिस्तो' म्हणजे भाजणारा आणि 'बाकेयो' म्हणजे भाजण्याची जागा, आपली बेकरी. पिठाला 'फारूनो', भट्टीला 'फोर्नो'. स्पॅनिशने गमावलेला 'फ' झामेनहॉफने जपून ठेवला. भुकेला मात्र त्याने स्वतंत्र शब्दच दिला नाही. 'साता' म्हणजे पोट भरलेला, आणि उलट अर्थाचा 'माल' पुढे लावला की 'मालसाता', म्हणजे भुकेला. आमच्यासारख्याला हे फार मोलाचे वाटले. या भाषेच्या हिशेबात पोट भरलेले असणे ही माणसाची मूळ स्थिती आहे आणि भूक हा त्यातला बिघाड आहे. आमच्या मागण्यांच्या खलित्यांत आम्ही इतके नेमके कधी लिहिले नव्हते.

मंडळी, आता आम्ही ज्या दोन शब्दांसाठी उभे आहोत, त्यांच्याकडे वळतो. स्पॅनिशमध्ये पाव ठेवण्याच्या टोपलीला म्हणतात 'पानेरा'. एस्पेरांतोत 'एरो' या प्रत्ययाचा अर्थ कण. वाळूपासून वाळूचा कण, पैशापासून नाणे, तसा पावापासून 'पानेरो', म्हणजे पावाचा कण, चुरा. एका अक्षराच्या मात्रेचा फरक. एकीकडे भरलेली टोपली, दुसरीकडे तिच्या तळाचा चुरा. रात्री अकराच्या सुमारास कचेरीत हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहिलेले पाहून आम्ही पुस्तक मिटले, ते आठ दिवस उघडले नाही. का, ते सांगतो.

आमचे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा आम्ही बारा वर्षांचे होतो. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मिटला असे कधी झालेच नाही. स्पॅनिशमध्ये एखादी गोष्ट फार लांबली की म्हणतात, 'पाव नसलेल्या दिवसाइतकी लांब'. ही म्हण आम्हाला समजावून घ्यावी लागली नाही. नाक्यावरचा पाववाला संध्याकाळी टोपली रिकामी झाली की तळाचा चुरा कागदात बांधून आमच्या हाती देई. आई त्याला कांदा, मिरची, हळदीची फोडणी घाली. आम्ही सहाजण एका परातीभोवती बसून तो खात असू. बारा वर्षांच्या पोराला ती मेजवानी वाटे. आई शेवटी का बसते, हे कळण्याचे ते वय नव्हते.

पुढे स्पॅनिश वाचताना हाच पदार्थ आम्हाला परक्या मुलखात भेटला. तिथल्या मेंढपाळांचे जुने खाणे म्हणजे शिळ्या पावाचा चुरा पाणी शिंपडून मऊ करायचा आणि तेल-लसणावर परतायचा. नाव 'मिगास', म्हणजे चुराच. आणि दोन माणसांचे चांगले जमले की स्पॅनिश माणूस म्हणतो, 'त्यांचे मिगास छान झाले.' एका तव्यावरचा चुरा वाटून खाल्ला की मैत्री होते, हे त्या भाषेने आपल्या पोटात ठेवले आहे. म्हणजे चुऱ्याला आमची हरकत नाही. हरकत कशाला, ते आता ऐका.

काही वर्षांपूर्वी एका बेकरीत आम्ही करार केला. गावाचे नाव सांगत नाही. मागण्या तीन होत्या. पगारवाढ, आठवड्याची सुटी आणि रात्रपाळीचा भत्ता. भट्टीचे काम रात्रीचे, हे आपण जाणताच. आपल्या घरी सकाळी ऊन पाव येतो, त्याअर्थी कोणीतरी रात्रभर जागलेला असतो. पगारवाढ थोडी मिळाली, सुटी मिळाली, भत्त्यावर गाडे अडले. शेवटी मालक म्हणाले, भत्ता राहू द्या, मोडका-तुटका पाव आणि चुरा कामगारांनी रोज घरी फुकट न्यावा. आम्हाला वाटले, आजवर याची चोरी म्हणून झडती होत असे, आता तो हक्क झाला. कलम लिहिले, सही केली आणि गेटवर विजयाचे भाषण ठोकले. भाषण संपल्यावर भट्टीवरचा एक म्हातारा कारागीर जवळ आला. जौनपूरकडचा. तो हळूच म्हणाला, "भाईसाब, लादी हम निकालें, और चूरा भी हमीं को?"

आम्ही हसून वेळ मारून नेली. पानेरा आणि पानेरो शेजारी लिहिलेले पाहिले, त्या रात्री ते हसू आठवले.

चुरा दोन वाटांनी येतो. परातीतला चुरा शेजारून येतो, कलमातला चुरा वरून येतो. वरून येणाऱ्या पावासाठी स्पॅनिशमध्ये मोठा शब्दसंग्रह आहे. भिकाऱ्याला देतात त्या वाळक्या तुकड्याला 'मेन्द्रूगो' म्हणतात, आणि मूर्ख माणसालाही 'मेन्द्रूगो'च म्हणतात. 'सोकेते' या शब्दाचेही तसेच, पावाचा उरलेला तुकडा आणि ठोंब्या. ज्याला शिळा तुकडा दिला त्यालाच अक्कलशून्य ठरवायचे, ही कोणाची भाषा हे सांगायला नको. आपला 'तुकडमोड्या' त्याच रांगेतला. आणखी एक शब्द 'पानियाग्वादो'. 'पान' म्हणजे पाव, 'आग्वा' म्हणजे पाणी. धन्याच्या घरी राहून अन्न आणि पगार घेणारा नोकर, असा त्याचा मूळ अर्थ. पुढे अर्थ झाला मर्जीतला माणूस, वशिल्याचा माणूस. अन्नासाठी राबणारा अन्नाचा मिंधा कसा होतो, याचा इतिहास त्या एका शब्दात आहे.

पाव वरून येणे म्हणजे काय, हे माद्रिद शहराने अक्षरशः पाहिले. स्पेनच्या यादवी युद्धात १९३८ च्या ऑक्टोबरात, वेढ्यात अडकलेल्या त्या उपाशी शहरावर फ्रँकोच्या विमानांनी पाव टाकले. पाव ज्या कागदांत गुंडाळले होते, त्यांवर प्रचार छापलेला होता. आमच्या राज्यात एकही स्पॅनिश माणूस पावावाचून राहणार नाही, असे त्या पक्षाचे घोषवाक्य होते. १९३९ च्या वसंतात युद्ध संपले, फ्रँकोचे राज्य आले आणि त्याच वर्षी शिधापत्रिका सुरू झाली. ती १९५२ पर्यंत चालली. पांढरा पाव श्रीमंतांचा आणि काळा पाव रांगेतल्यांचा, अशी ती वर्षे गेली. रांगेतल्या माणसाच्या वाट्याला स्पॅनिशचे एक क्रियापद आले, 'एस्पेरार'. त्याचे दोन अर्थ आहेत, आशा करणे आणि वाट पाहणे. झामेनहॉफने हे दोन्ही वेगळे केले. आशेला 'एस्पेरी' आणि वाट पाहण्याला 'आतेंदी'. संघटना बांधणाऱ्याने हा भेद पक्का ध्यानात ठेवावा.

पण याच स्पॅनिशने जगातला एक थोर शब्द जतन केला आहे. तो म्हणजे 'कोम्पान्येरो', सोबती. 'कोम' म्हणजे बरोबर, 'पान' म्हणजे पाव. ज्याच्याबरोबर आपण पाव खातो तो कोम्पान्येरो. मूळ कल्पना बहुधा सैनिकांची. जुन्या गॉथिक भाषेत 'पाव-सोबती' अशाच घडणीचा शब्द होता आणि लॅटिनने त्याचाच साचा उचलला. १९१० साली बार्सिलोनात स्थापन झालेल्या सी. एन. टी. या मोठ्या कामगार संघटनेचे सभासद एकमेकांना कोम्पान्येरो म्हणत. कम्युनिस्ट मंडळी 'कामारादा' म्हणत. तो शब्द 'कामारा'पासून, म्हणजे खोलीपासून. एका खोलीत झोपणारे ते कामारादा, एका पावाचे वाटेकरी ते कोम्पान्येरो. गिरणगावात आमच्या वडिलांच्या पिढीने खोलीही वाटून घेतली होती आणि भाकरीही, म्हणून आम्हाला दोन्ही शब्द चालतात.

आणि आता हसू नका. याच मुळापासून निघालेला एक शब्द आपण सारे रोज बोलतो. तो शब्द 'कंपनी'. एकत्र पाव खाणाऱ्यांचा मेळा तो कंपनी. आपल्या देशावर कंपनी सरकारने राज्य केले, तेव्हा पाव कोणी खाल्ला हे इतिहासाला ठाऊक आहे. आजही कामगार सांगतो, "मी कंपनीत आहे." शब्दाच्या अर्थाने तो वाटेकरी आहे. मस्टरवर मात्र बहुधा कंत्राटी असतो.

'एकत्र पाव खाणे' ही आपल्याकडे केवढी गोष्ट होती, हे मराठी श्रोत्यांना वेगळे सांगायला नको. रोटीव्यवहार आणि रोटीबंदी हे शब्दच पुरेसे आहेत. मुंबईत १८४९ साली दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस सभा काढली. जातिभेद मोडायचा, म्हणून सभासद होणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. हे सारे गुपचूप चाले. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी फुटली आणि बहिष्काराच्या भीतीने सभा मोडली. त्या लोकांना स्पॅनिश येत नव्हते, पण पावाच्या एका घासाने माणूस सोबती होतो, हे त्यांना कळले होते. घास गिळण्याइतके धैर्य पुष्कळांना झाले, तो उजेडात गिळण्याइतके थोड्यांनाच झाले.

एस्पेरांतोत सोबत्याला 'कुनूलो' म्हणतात. 'कुन' म्हणजे बरोबर, 'ऊलो' म्हणजे माणूस. शब्द सरळ आहे, पण त्यात पाव नाही. बांधलेल्या भाषेला आठवणी नसतात, असे कोणी म्हणेल. आम्हाला ते पटत नाही. १९०९ साली या भाषेची पाचवी जागतिक परिषद बार्सिलोनात भरली आणि झामेनहॉफ स्वतः तिथे होता. यादवी युद्धात वॅलेन्सियाहून 'पोपोला फ्रोन्तो' हे एस्पेरांतो पत्र निघत असे, स्पेनची कहाणी देशोदेशीच्या माणसांना कळावी म्हणून. झामेनहॉफ १९१७ साली वारला. त्याची तिन्ही मुले पुढे नाझींच्या हातून मारली गेली, मुलगा १९४० साली, दोन मुली १९४२ साली. इतके सोसलेल्या भाषेला आठवणी नाहीत, असे कसे म्हणावे?

आणि या भाषेत उणे असलेला शब्द कोणालाही नियमाने घडवता येतो. तिथे एका देशाच्या माणसाला 'सामलान्दानो' म्हणतात आणि एका विचाराच्या माणसाला 'सामिदेआनो'. 'साम' म्हणजे एकच, 'आनो' म्हणजे त्या मेळ्यातला. मग एका पावाचा वाटेकरी तो 'सामपानानो'. त्या रात्री हा शब्द आम्ही आमच्या वहीत घडवून लिहिला. त्यासाठी कोणत्याही विद्यापीठाची परवानगी लागली नाही. दहावीवर थांबलेल्या माणसाला भाषेने एवढा मान दिल्याचा प्रसंग आमच्या आयुष्यात दुसरा नाही.

आता त्या कराराचे सांगून संपवितो. तीन वर्षांनी मुदत संपली. नव्या करारात मोडक्या पावाचे कलम आम्ही काढून टाकले. त्या जागी लिहिले की, प्रत्येक कामगाराला रोज ताज्या भट्टीतली एक लादी मिळेल. रात्रपाळीचा भत्ताही मिळाला, मागितला होता त्याहून कमी, पण मिळाला. तो जौनपूरचा कारागीर मात्र तोपर्यंत गावी परत गेला होता. तीन वर्षांच्या रात्रींचा त्याचा भत्ता आमच्या एका सहीने बुडाला आणि तो परत करण्याची कोणतीही वाट आमच्यापाशी नाही.

कामगारांच्या माणसाने शब्दांच्या भानगडीत का पडावे, याचे उत्तर एवढेच आहे. करार शब्दांचा असतो. 'मोडका पाव' हे दोन शब्द आम्ही न तोलता लिहिले आणि त्यांची किंमत दुसऱ्याने भरली. त्या म्हाताऱ्याला शब्दकोशाची गरज पडली नाही. टोपली कोणाची आणि चुरा कोणाचा, हे त्याला भट्टीसमोर उभ्या उभ्या कळले होते. आम्हाला ते कळण्यासाठी दोन भाषांची मदत घ्यावी लागली.

उद्या सकाळी दारात पाव येईल, तेव्हा तो रात्री कोणी भाजला असेल, याची क्षणभर आठवण ठेवावी, एवढी विनंती करून आम्ही आमचे दोन शब्द पुरे करतो.